नऊ इंचांचा दर

खरेदी समितीत पाच माणसं होती आणि त्या पाचांना मिळून संगणकाबद्दल एवढंच ठाऊक होतं, की त्याला गारवा लागतो. म्हणून संगणकाच्या खोलीत कूलर बसवला होता, आणि कूलर होता म्हणून समितीची बैठकही तिथंच भरायची. संगणक मात्र दोन वर्षं झाकणाखाली होता. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिलं जायचं, तेवढंच काय ते त्याच्याकडून काम घेतलं जायचं.

सुमंगला या पाचांसमोर लोखंडी खुर्चीत बसली होती. गणितात एम.एस्सी. झालेली, सत्तावीस वर्षांची, परभणीत बन्सीधरच्या कॉम्प्युटर क्लासात महिना पाचशेवर शिकवणारी. समोरच्यांना कसं हाताळायचं हे तिनं गाडीतच ठरवलं होतं. अडाण्याशी बोलतो तसं बोलायचं, हळू आणि हसून.

संस्था म्हणजे सेलू-वालूर भागातली सहकारी जिनिंग. सभासद सहा हजार, त्यातले निम्मे वारलेले, आणि त्यांचे भाग वारसांत वाटलेले. कुणाचा चार आणे हिस्सा, कुणाचा दोन आणे आठ पै. शंभर रुपये तिघांत वाटले की प्रत्येकी तेहेतीस रुपये तेहेतीस पैसे आणि वर एक पैसा उरतो. तो कुणाला द्यायचा? एका खात्यात एक पैसा म्हणजे काहीच नाही, पण सहा हजार खात्यांत ताळेबंद कोलमडतो. औरंगाबादच्या एका कंपनीनं संस्थेला सत्तर हजारांचा प्रोग्राम विकला होता. तो बाकी सगळं करायचा, फक्त लाभांशाची बेरीज एकसष्ट रुपये सदतीस पैशांनी चुकवायचा. लेखापरीक्षक सही करीना, त्यामुळं दोन वर्षं लाभांश वाटलाच गेला नव्हता.

सुमंगलानं त्या प्रोग्रामात बसवायचा एक तुकडा लिहिला होता. तेवढाच भाग बदलायचा, की पैसान् पैसा जुळणार. चार महिने ती पहाटे पाचला क्लासात जाई आणि पोरं यायच्या आधी उठे. आधी तो तुकडा अकराशे ओळींचा झाला होता. छाटत छाटत तिनं तो चौऱ्याऐंशी ओळींवर आणला. दोन पानं. आयुष्यात एवढं नेटकं काही तिच्या हातून झालं नव्हतं. किंमत सांगितली होती नऊ हजार. तेवढे मिळाले तर जुना का होईना, स्वतःचा संगणक येणार होता आणि बन्सीधरचं तोंड बघणं सुटणार होतं.

"नऊ हजार," चेअरमन आबासाहेब म्हणाले. "आन् ही दोन पानं?"

"पानांवर जाऊ नका, आबासाहेब. काम बघा."

"कामच बघायलोत," व्यंकटराव म्हणाले. हे निवृत्त ओव्हरसियर. बांधकाम खात्यात पस्तीस वर्षं काढलेली, आणि मोजता येत नाही ते अस्तित्वातच नाही अशी खात्री. खिशात पेनाऐवजी मोजपट्टी. त्यांनी एक छापील तक्ता पुढं सरकवला. "दराचं समर्थन लिहून द्या. साहित्य, मजुरी, वाहतूक, वर धा टक्के नफा. नाल्याच्या पुलालाबी आमी हेच मागतो."

सुमंगलाला हसू आवरेना. तिनं लिहिलं: साहित्य, फ्लॉपी एक, पस्तीस रुपये. वाहतूक, परभणी ते सेलू, पॅसेंजर गाडी. मजुरीच्या रकान्यापाशी ती थांबली.

"मजुरी पानावर धरू," व्यंकटरावांनीच सोडवलं. "कचेरीत टायपिंगचा दर तीन रुपये पान हाय. दोन पानांचे सहा. नफा साठ पैसे. झाले सहा रुपये साठ पैसे."

कुणी हसलं नाही. हीच तर मौज होती. त्या पाच गंभीर चेहऱ्यांकडं बघून सुमंगलाच्या मनात आलं, या लोकांच्या डोक्यावर कूलर धरला असता तर निदान वाया तरी गेला नसता.

"मीटिंग पंधरा दिवसांनी," आबासाहेब उठले. "समर्थन नीट आणा." दोन पानं त्यांनी कोपऱ्यातल्या मुनिमाकडं टाकली. "माधवराव, फायलीला लावा."

माधवराव धोतर-टोपीतले, तीस वर्षांपासून वाटपाची वही हातानं लिहिणारे, आकडे अजून उर्दूत टाकणारे. सुमंगलाच्या लेखी ते कूलरमध्ये पाणी ओतण्यापुरते होते. पानं घेताना त्यांनी "जी" म्हटलं, तेही तिला हास्यास्पद वाटलं.

विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदामुळं पंधरा दिवसांचे वीस झाले. तेवढ्या दिवसांत तिनं आपल्या परीनं समर्थन तयार केलं. घरी माळ्यावर चार महिन्यांतले फसलेले कागद होते, कडेला भोकं असलेले, रद्दीत द्यायला ठेवलेले. ते तिनं पोत्यात भरले. पोतं अर्धंच भरलं म्हणून क्लासातल्या पोरांनी वाया घालवलेलेही त्यात कोंबले. आई, केशरबाई, दारात उभी राहून बघत होती.

"हे कशाला न्यायलीस गं?"

"जशास तसं, आई. त्यांना कागद पाहिजेत, कागद घ्या म्हणावं."

"आन् तुझं खरं काम?"

"त्यांना कुठं कळतंय खरं-खोटं!"

दुसऱ्या बैठकीत हमालानं पोतं टेबलावर रितं केलं. खोलीत आदर पसरला. त्याला दुसरा शब्द नाही. आबासाहेबांनी टोपी नीट केली. व्यंकटरावांनी गठ्ठा तळहातानं दाबला, चारी कडा सारख्या केल्या, खिशातून पट्टी काढली आणि उभी लावली.

"नऊ इंच," ते म्हणाले. दुसऱ्या बाजूनंही मोजलं. "भरून नऊ. नऊ इंचाला नऊ हजार, म्हंजे इंचाला हजार. दर वाजवी हाय."

"मागल्या टायमाला हे का न्हाई आणलं, बाई?" आबासाहेब खरोखर हळहळले. "उगं दोन पानं दावून आमाला बुचकळ्यात टाकलं. लय मेहनत हाय की वो!"

"हो ना," सुमंगला गोड आवाजात म्हणाली. "चुकलंच माझं."

पुढचं झटपट झालं. ठराव झाला, चेक लिहिला गेला. गठ्ठ्याला सुतळी बांधून त्यावर लाखेचा शिक्का मारला आणि तो कपाटात कुलूपबंद केला. पोरांच्या चुकांसकट. बेरीज जुळते का, हे पाचांपैकी एकानंही विचारलं नाही. फ्लॉपी तिच्या पर्समध्येच राहिली. ओसरीत येऊन ती चपला घालत होती आणि आतल्या आत हसत होती. बन्सीधरला हे कसं रंगवून सांगायचं याची वाक्यंसुद्धा जुळत आली होती.

मागून माधवराव आले.

"बाई, ती फ्लॉपी द्या. वाटप मलाच करायचंय."

"तुम्हाला? माल कपाटात गेला की तुमचा," तिला राहवलं नाही. "शिक्का मारून."

"त्यात काय हाय ते मला बी दिसलं," माधवराव शांतपणे म्हणाले. "तुमची दोन पानं घरी नेली होती. विंग्रजी येत न्हाई, म्हणून हायस्कूलच्या मास्तरांकडून वाचून घेतली. मग तुमच्या रीतीनं तीनशे खाती हातानं सोडवली. पैसा चुकत न्हाई. उरलेला पैसा आमी थोरल्याला देत आलो, तुमी ज्याचा तोटा जास्त त्याला देता. तुमचं खरं हाय."

सुमंगलाचा हात चपलेच्या पट्ट्यावरच राहिला. चार महिन्यांत कुणीही, बन्सीधरनंसुद्धा, त्या ओळी वाचल्या नव्हत्या.

"मग आत बोलला का नाहीत?" तिचा आवाज चढला. "तुम्ही एक शब्द बोलला असता तर—"

माधवरावांनी बंडीच्या आतून घडी केलेला कागद काढून तिच्या हातात दिला. अक्षर मोत्यासारखं होतं. *सदर काम मी जातीने ताडून पाहिले. हिशोब बिनचूक आहे. तीस वर्षे मी जे करतो ते या दोन पानांत आले आहे, पुढे माझी गरज उरणार नाही. नऊ हजार ही रक्कम कमीच आहे.* खाली सही.

"आबासाहेबांम्होरं ठिवायला आणलं होतं," ते म्हणाले. "उठायलोच होतो. तेवढ्यात तुमी पोतं आणलं. म्हणलं, बाईलाच आपलं काम इंचानं इकायचंय, तर आपण मधी कशाला पडावं?"

त्यांनी कागद परत घेतला, होता तसा घडी केला आणि बंडीत ठेवला. तिनं फ्लॉपी पुढं केली. ती त्यांनी कडेला धरून घेतली, "जी" म्हणाले आणि आत गेले.

दिवसभर सगळ्यांना हसण्यासाठी तिनं तोंड तयार ठेवलं होतं. आता तेच तोंड घेऊन स्टेशनापर्यंत जायचं कसं, तिला कळेना.