समुद्राला उतार

"दादा, बक्षीस म्हणून मला गोव्याचा कार्निव्हल दाखवाल का?"

चांगुणानं हे विचारलं तेव्हा ओसरीवर चार माणसं चहा पीत बसली होती आणि बाहेर भिंतीआड तिच्या मैत्रिणी शरिफा आणि झुंबर तोंडं दाबून हसत होत्या. पैज त्यांचीच. शरिफाचे वडील, लालमहंमद चाचा, ट्रकमधून कांदा घेऊन गोव्याला जायचे आणि परत आले की तिथल्या कार्निव्हलच्या एकेक गोष्टी सांगायचे. माणसं तोंडं रंगवतात, कागदाच्या टोप्या घालतात, बायासुद्धा भर रस्त्यात नाचतात, आणि कुणी कुणाला रागवत नाही. हे शेवटचं तर पोरींना खरंच वाटायचं नाही.

"भाषणं काय, कुणी पण ठोकतंय," झुंबर म्हणाली होती. "तुझ्या दादाला हे इचारून दाखव."

मग काय, विचारलं! चांगुणाला त्या दिवसांत कशाची म्हणून भीती उरली नव्हती. राहात्याला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत अकरावीच्या मुलांना मागं टाकून तिनं ढाल आणली होती, आणि "माग, काय पायजे ते माग" असं दादा स्वतःच तर म्हणाले होते.

तिचे वडील मच्छिंद्रदादा म्हणजे पुणतांब्यातलं मोठं नाव. पूर ओसरला की काठी घेऊन गोदावरीत शिरायचे, पायानं वाळू चाचपत जायचे, आणि ते जिथून पलीकडं निघाले तोच त्या वर्षीचा उतार. मागून गावाच्या बैलगाड्या खुशाल पाण्यात घालायच्या. अशा माणसाला चार लोकांसमोर पोरीला नाही म्हणता येईना.

"दाखवू की," ते म्हणाले. "लालमहंमद हायच. त्यात काय एवढं!"

भिंतीआड शरिफानं झुंबरला असा चिमटा काढला की ती किंचाळलीच.

सहल चांगुणाची होती. पण किती वेळ? ट्रक गावाबाहेर पडेपर्यंत. रंगुआत्या, दादांची थोरली बहीण, आदल्या दिवशीच गाठोडं बांधून येऊन बसली. शिवरात्रीची अमावास्या समुद्रावर साधतेय म्हटल्यावर तिला बुडी मारायची होती आणि गावात वाटायला तांब्याभर समुद्र आणायचा होता. आईनं स्टोव्ह घेतला, पिठाचा डबा, तवा, परात, कळशी, दोन वळकट्या आणि एक ट्रंक. परमुलखात कुणाच्या हातचं खायचं नाही, हा तिचा नेम. ट्रकच्या केबिनमध्ये आत्याचं कोपर एका बाजूला आणि ट्रंकेचं कोपर दुसऱ्या बाजूला, मधे चांगुणा. मान वळवायची तर दोघांना विचारायला लागायचं.

कोल्हापूरला देवीच्या दर्शनाला सगळे उतरले.

"चांगू, तू सामानापाशी बस. आमी आलोच."

ती बसली. देवळाचा कळस दिसला, तेवढाच.

मडगावला तर कहरच झाला. बाजारात ट्रक उभा राहिला आणि पलीकडच्या गल्लीतून ढोल वाजायला लागले, पिपाण्या, माणसांच्या आरोळ्या. चांगुणा टुणकन खाली उतरली.

"आगं आगं, सामान?" दादा म्हणाले. "तू बस हितं. आता मोठी झालीस, तुझ्यावर इस्वास हाय माझा."

हा विश्वास म्हणजे मोठी पंचाईत होती. शिव्या दिल्या असत्या तर भांडता आलं असतं; विश्वासाशी काय भांडणार? ती वळकटीवर बसून ढोल ऐकत राहिली. तासाभरानं तिघं परत आले ते डोक्यापासून पायापर्यंत पिठानं माखलेले.

"आरं, होळीला अजून पंधरा दिस हायेत, आन यांचा शिमगा आत्ताच!" आत्या नऊवारी झटकत होती, पण हसू काही लपत नव्हतं. "एक सोंग तर माझ्याभवती गिरक्या घेऊन गेलं बया! तुझा दादा तर पार गिरणीतून आल्यावानी दिसत हुता."

आत्याच्या अंबाड्यात लाल कागदाचा एक कपटा अडकला होता. चांगुणानं तो काढून घेतला आणि बराच वेळ बोटांत फिरवला. तिच्या वाट्याला आलेला कार्निव्हल एवढाच.

"रुसू नको, चांगू बेटा," ट्रक चालू करताना लालमहंमद चाचा म्हणाले. "उद्या आखरी दिवस. मी तुमाला समुद्राकाठी सोडतो. दुपार कलली की तिथं वाळूवरूनच मिरवणूक निघते, मी दरसाल बघतो. मनभर बघ. मी संध्याकाळी माल भरून येतो, मग थेट घर."

म्हणजे उद्याची दुपार. ती गेली तर गेलं सगळं.

समुद्र पहाटे दिसला. नदीला निदान पलीकडचा काठ असतो. याला काहीच नव्हतं. चांगुणा बघतच राहिली. उजव्या हाताला, काठापासून हाकेच्या अंतरावर, माडांनी भरलेलं एक इवलंसं बेट होतं. मधे पाणी असं नव्हतंच, ओली वाळू आणि घोट्याएवढे ओहोळ.

"हितं उघड्यावर कशी आंघुळ करायची?" आत्या म्हणाली. काठावर कोळ्यांची घरं होती, माणसं जाळी पसरत होती.

"त्या बेटाच्या मागल्या अंगाला जा की," दादा म्हणाले. "बघ, चांगला उतार हाय." आणि काठी घेऊन ते पुढं झालेसुद्धा, गोदावरीत शिरावं तसे.

अर्थात सामान मागं ठेवायचं नव्हतं. ट्रंक दादांच्या डोक्यावर, वळकट्या आत्याच्या आणि आईच्या, आणि स्टोव्ह, डबा, कळशी चांगुणाकडं. ही वरात निघाली तेव्हा होडीजवळ बसलेली एक कोळीण उठून उभी राहिली आणि हात वर-वर नेत कोकणीत काहीतरी ओरडली.

"दादा, ती म्हणतेय पाणी चढेल."

"आगं, होडीवाली हाय ती. आपल्याकडचे नाववाले काय सांगत्यात? पानी लई हाय, नावेतच बसा. तसलंच हे. आन पानी चढंल कसं? वर कुठं पाऊस हाय का?"

चांगुणाला खरं तर सहामाहीला भरती-ओहोटीवर पैकीच्या पैकी मार्क होते. चंद्र, सूर्य, आकर्षण, सगळं आकृतीसकट. पण ते पेपरातलं पाणी होतं. हे समोरचं पाणी तेच, हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही, आणि कळशी सावरत तीही गेली.

बेटाची मागली बाजू! पांढरी वाळू, शिंपले, आणि लाटा अशा की आत्या बुडी मारायला वाकली तर लाटेनंच तिला बुडवून, गुंडाळून, परत आणून ठेवली. "देवा महादेवा!" आत्या नाकातोंडातून खारं पाणी काढत ओरडली आणि पुन्हा आत गेली. आई कधी नव्हे ती खदखदून हसली. चांगुणा माडाखाली सामानापाशी बसून बघत होती. तिची पाळी शेवटी आली, तीसुद्धा आईनं मनगट धरून. "गुडघ्याच्या म्होरं न्हाई." पायांखालची वाळू सरकत होती, एक लाट परकरापर्यंत आली, आणि आईनं मागं ओढलं. "पुरं. बस आता सामानापाशी. भाकरी टाकते."

खाऊन, धुणं वाळवून, आवरून सगळे निघाले आणि काठाच्या बाजूला आले, तर उतार नव्हता.

होतं ते सगळं पाणीच. हिरवं, खोल, जोरानं आत शिरणारं. दादांनी काठी घातली. कमरेएवढी गेली. दोन पावलं पुढं झाले, काठी दिसेनाशी झाली आणि पाण्यानं त्यांना बाजूला ढकललं. ते मागं आले. धोतर निथळत होतं.

"पाऊस न्हाई, काय न्हाई," ते स्वतःशीच म्हणाले. "आलं कुठनं?"

"चंद्रामुळं," चांगुणा म्हणाली.

"काय?"

"भरती, दादा. अमावास्येला मोठी असते. उतरेल, पण दुपार जाईल."

आत्यानं दोन्ही हात डोक्याला लावले. "आरं मच्छिंद्रा, जल्मभर गावाला उतार दाखवला आन आमाला आनून बसवलंस हितं!"

 दादांनी काठाला एक काटकी रोवली, पाणी कळावं म्हणून. पाण्यानं ती नेली. मागं सरून दुसरी रोवली. तीही गेली. तिसरी रोवायला ते वाकले तेव्हा चांगुणाला त्यांच्याकडं बघवेना.

आणि मग बसणं. ऊन डोक्यावर आलं, माडांची सावली पायांपुरती उरली. बेट सकाळी केवढंसं वाटलं होतं आणि आता त्याहून लहान झालं होतं. चांगुणा मागल्या बाजूला जायची, तिथं समुद्र. पुढं यायची, इथं समुद्र. मधे ट्रंक, स्टोव्ह, परात, वळकट्या; सगळं घर मांडलेलं, आणि "चांगू, लांब जाऊ नको, सामान बघ" हे तर चालूच. बेटावर कोण चोरणार होतं? मासे?

ऊन कललं आणि ढोल सुरू झाले.

पलीकडं माडांतून माणसं वाळूवर यायला लागली. इथून ती बोटाएवढी दिसत होती. लाल, पिवळी, निळी. एक बैलगाडी, तिच्यावर कागदाची कमान. कुणीतरी लांब बाह्यांचं काहीतरी घालून उड्या मारत होतं. वाऱ्यावर गाणं यायचं आणि अर्ध्यात तुटायचं. चांगुणा अगदी पाण्यात जाऊन उभी राहिली. 

"ही बघ, दिसली की मिरवणूक," मागून दादा म्हणाले. आवाज मऊ होता. "गावात इचारलं तर सांग, बघितली म्हणून. बाकीचं कशाला सांगायचं?"

तेवढ्यात सकाळचीच ती कोळीण होडी वल्हवत आली. त्यांच्याकडं बघून हसली. मग दोन बोटं दाखवली, आणि सामानाकडं बोट दाखवून मान हलवली. दोन माणसं, नाही तर सामान. दोन्ही नाही.

दादांनी कमरेला धोतर खोचलं. "पैलं सामान जाऊ दे. मग आक्का आन चांगूची आई. मग मी आन चांगू. तवर पानीबी उतरंल." त्यांनी ट्रंकेला हात घातला. "चांगू, धर हिकडनं."

चांगुणानं पलीकडं पाहिलं. बैलगाडी वळत होती. तीन खेपा होईतो वाळूवर रिकाम्या पावलांशिवाय काय उरणार होतं? ट्रंकेच्या दुसऱ्या कडीला तिनं हात लावला नाही. परकर गुडघ्याच्या वर उचलला, पाण्यात उतरली आणि होडीच्या काठाला धरून एक पाय आत टाकला. होडी डुचमळली. कोळिणीनं तिचा दंड पकडून तिला आत ओढली.

"आगं पोरी!" आई ओरडली. "यकटी?"

"आत्या, येती का?"

आत्यानं भावाकडं पाहिलं, मग मिरवणुकीकडं. "थांब की बया," असं म्हणत ती तांब्या छातीशी धरून पाण्यात शिरली.

"चांगुणे, खाली उतर," दादा म्हणाले. ट्रंकेची एक बाजू अजून त्यांच्या हातात होती. "सामान आदी जाईल."

चांगुणा होडीत उभी राहिली, तोल सावरत. 

"न्हाई, दादा. आई, तूबी ऐक. पैल्या खेपेला मी चाललेय. मिरवणूक संपेपर्यंत मी तिच्यात असणार, आणि गावात काय झालं ते सगळं खरं सांगणार. आज सामानापाशी तुमी बसा."