टाक्याचं पाणी

गुरुवारी सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी शेडमध्ये एक गाडी होती आणि एक ट्रॅक्टर होता. खिळ्याला जंपर केबलची एक जोडी टांगलेली होती, एक लाल आणि एक काळी. डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन होता, त्यात तळाला जेमतेम अर्धा लिटर पाणी होतं. बॉनेटवर झेंडूची सात फुलं होती आणि पुढच्या चाकाखाली फुटलेल्या नारळाच्या दोन करवंट्या. मागच्या सीटवर मांडीवर कापडी पिशवी घेऊन सारिकाची आजी, बयाबाई, बसली होती. भिंतीवरच्या कॅलेंडरात पाच रविवारांच्या चौकटींत सारिकाच्या अक्षरात पाच आकडे होते: १२.५, १२.४, १२.२, १२.१, ११.९. घरात ते कुणीच वाचले नव्हते.

सारिकाने मल्टिमीटरच्या सुया बॅटरीच्या टोकांना लावल्या. सहावा आकडा आला १०.६ व्होल्ट. तिने चुलतभावाला, ओंकारला, सेल्फ मारायला सांगितलं. टक, असा एक आवाज झाला. पुन्हा मारला, पुन्हा टक. डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणले आणि विझले.

"आगं, आली का गाडी?" बयाबाईने आतून विचारलं. आपण गाडीतच बसलोय हे तिला ठाऊक होतं. ती सुरू झाली का, एवढंच तिला विचारायचं होतं.

बयाबाईचा उजवा डोळा चार वर्षांपूर्वी गेला होता. आता डाव्यात मोतीबिंदू पिकला होता आणि त्या डोळ्याचा दाबही वाढायला लागला होता. तळेगावच्या दवाखान्यात ऑपरेशन करणारे डॉक्टर महिन्यातून एकाच गुरुवारी येत. मागच्या महिन्यात तिला खोकला होता म्हणून परत पाठवलं होतं, आणि पाठवताना सांगितलं होतं की पुढचा गुरुवार चुकवू नका, हा डोळा आता थांबणार नाही. नऊच्या आत पोचायचं होतं. रस्ता सव्वा तासाचा. सहाची एसटी गेली होती, दुसरी अकराला. गावातल्या अमृतची जीप पहाटेच पर्यटकांना घेऊन लोणावळ्याला गेली होती. कंबरेच्या दुखण्यामुळे बयाबाईला मोटारसायकलवर बसता येत नव्हतं. म्हणजे हीच गाडी, आणि ती पावणेआठच्या आत सुरू व्हायला हवी होती.

सारिका भौतिकशास्त्रात बीएस्सी होऊन नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात चाचणी विभागात लागली होती. आठवडाभर वराळ्यात खोली घेऊन राहायची आणि रविवारी घरी यायची; आजच्यासाठी ती रजा काढून काल रात्री उशिरा आली होती. पहिल्याच रविवारी तिने सहज मीटर लावला, आणि दर रविवारी आकडा खाली जाताना पाहून तिने घरात सांगायला सुरुवात केली. सांगितलं म्हणजे किती वेळा, तेही तिला पाठ होतं: आबांना चार वेळा, ओंकारदादाला तीन वेळा, आईला दोनदा. ओंकार तिला 'व्होल्टबाई' म्हणू लागला, आणि शेजारचा रतन ते नाव पारावर घेऊन गेला. आता रस्त्याने जाताना कुणीही विचारायचं, व्होल्टबाई, आज किती?

तिचे आजोबा हौशीराम, म्हणजे आबा, रोज सकाळी अंघोळ करून गाडी दोन मिनिटं सुरू करत. इंजिन रोज हललं पाहिजे, हा त्यांचा जुन्या ट्रॅक्टरपासूनचा नेम. दोन मिनिटांनी ते इंजिन बंद करत आणि दारं उघडी टाकून गाडीच्या टेपवर अभंग लावत. अर्धा तास अख्ख्या आळीला ऐकू जाई. यात गाडीची सेवा आणि देवाची सेवा दोन्ही होतात, असं त्यांचं मत होतं. सारिकाने त्यांना समजावलं होतं की सेल्फ मारताना बॅटरी जेवढी रिकामी होते, तेवढी दोन मिनिटांत भरत नाही. त्यासाठी गाडी निदान अर्धा तास रस्त्यावर पळावी लागते. वर टेप लावला की उरलेलंही जातं. आबांनी ऐकून घेतलं होतं आणि दुसऱ्या दिवशी तेच केलं होतं. काल तर प्रवासाला बरं म्हणून त्यांनी गाडीची पूजा केली, आणि संध्याकाळी दीड तास अभंग लावले.

दीड तास. सारिका हा आकडा मनात घोळवत बॅटरीची झाकणं उघडत होती. टोकांवर पांढरा थर चढला होता. सहा खणांपैकी मधल्या दोन खणांत पाणी आतल्या शिशाच्या पट्ट्यांच्या खाली गेलं होतं. तिने कॅन उचलला. हा कॅन तिने स्वतः महिन्यापूर्वी तळेगावहून आणला होता, भरलेला. कुठे गेलं एवढं पाणी, असं तिने विचारलं. ओंकार म्हणाला, ट्रॅक्टरच्या रेडिएटरला घातलं, पाणीच आहे ना.

"मग बॅटरीत काय घातलं, दादा?"

ओंकारने आबांकडे पाहिलं. आबा ताठ उभे राहिले. बॅटरीत आपण गडावरच्या देवीच्या टाक्याचं पाणी घातलंय, असं त्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या आवाजात काही लपवण्यासारखं नव्हतं. दसऱ्याला आणि दिवाळीला, दोन्ही वेळेला गड चढून कळशी आणली होती. ह्या पाण्याला बाराही महिने शेवाळ धरत नाही. प्लास्टिकच्या डब्यातलं, कुणी कधी भरलेलं ते पाणी गाडीला कशाला पाजायचं?

सारिकाला ते पाणी माहीत होतं. कारखान्यातला छोटा मीटर आणून तिने एकदा त्यातले क्षार मोजले होते: लिटरमागे ८६ मिलिग्रॅम. बॅटरीच्या पाण्यात ते पाचाच्याही खाली असावे लागतात. गावातलं सगळ्यात चांगलं पाणी म्हाताऱ्याने खांद्यावरून आणून शिशाच्या पट्ट्यांवर ओतलं होतं, हे समजून तिला राग कमी यायला हवा होता. तो वाढलाच. चांगल्या मनाने केलेल्या गोष्टीवर ओरडताही येत नाही, आणि आजी तर मागे पिशवी धरून बसलेली.

तिने फक्त घड्याळ पाहिलं. सात दहा.

मग धातू बॅटरीच्या टोकांना लागू नये म्हणून तिने हातातलं घड्याळ आणि स्टीलचं कडं काढून आईकडे दिलं. उरलेलं डिस्टिल्ड वॉटर त्या दोन खणांत पट्ट्या बुडतील इतकंच घातलं, झाकणं लावली आणि कोमट पाण्यात सोडा घालून टोकांवरचा थर पुसून काढला. बॅटरी कुठे तडकली नाही, फुगली नाही, हे बोट फिरवून पाहिलं. ओंकारला सांगून ट्रॅक्टर जवळ घेतला, पण गाडीला लागू दिला नाही. ट्रॅक्टरची बॅटरी बारा व्होल्टचीच आहे हे मीटर लावून खात्री करून घेतली. गाडीचे दिवे, पंखा, टेप, सगळं बंद केलं.

एवढ्यात रतन येऊन उभा राहिला होता. व्होल्टबाईंनी दुकान मांडलं वाटतं, असं तो म्हणाला. कुणी हसलं नाही, म्हणून मग तो स्वतःच हसला.

लाल चिमटा आधी गाडीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक ट्रॅक्टरच्या प्लसला. काळा चिमटा ट्रॅक्टरच्या मायनसला. उरलेला काळा चिमटा ओंकार गाडीच्या बॅटरीच्या मायनसला लावायला निघाला, तर तिने त्याचं मनगट धरलं आणि तो हात इंजिनच्या उघड्या लोखंडी पट्टीकडे नेला. शेवटचा चिमटा लावताना ठिणगी पडते. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो. ठिणगी तिथे नको, लांब पडू दे. हे तिने एका दमात सांगितलं, आणि ओंकारने पहिल्यांदाच काही उलट न बोलता ऐकलं.

ट्रॅक्टर सुरू झाला. पाच मिनिटं थांबायचं, ती म्हणाली, आणि केबल गरम होतेय का ते पाहायला ट्रॅक्टरकडे वळली.

वळून पाहते तो आबा बॉनेटखाली वाकलेले. त्यांनी एका खणाचं झाकण काढलं होतं. आपण घातलेलं पाणी उकळतंय की काय ते त्यांना पाहायचं होतं, आणि खणात नीट दिसेना म्हणून ते आणखी खाली वाकले होते. ओठांत पेटलेली विडी होती.

सारिका तीन पावलांत पोचली आणि तिने हाताच्या फटकाऱ्याने ती विडी उडवली. विडी नारळाच्या करवंटीत जाऊन पडली. आबांच्या ओठाला तिची नखं लागली.

ट्रॅक्टरचा आवाज तेवढा चालू राहिला. रतनने तोंड दुसरीकडे फिरवलं. नातीने आजोबांच्या तोंडाला हात लावला, हे आता संध्याकाळपर्यंत पारावर जाणार होतं, आणि ते तिथल्या सगळ्यांना कळलं होतं.

"मरायचंय का तुमाला?" सारिका म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "आजी आत बसलीय. ह्ये फुटलं तर ॲसिड तुमच्या तोंडावर उडंल. पाच रविवार झाले मी लिवतीय, भिंतीवर, तुमच्या डोळ्यांपुढं. तुमाला दोन्ही डोळ्यांनी दिसतंय ना, आबा? मग वाचलं का न्हाई?"

आबांनी ओठ पुसला आणि बोट पाहिलं. रक्त नव्हतं.

"लिवलंस," ते सावकाश म्हणाले. "मास्तरनीसारखं लिवलंस आन् सोमवारी निगून गेलीस. येवडं कळत व्हतं तर बॅटरी काढून चार्जिंगला का न्हाई नेलीस? वराळ्यात दुकान न्हाई का?"

दुकान होतं. तिच्या खोलीपासून चारशे मीटरवर. सारिकाचा राग आणखी पेटला, पण आता तो कुणावर आहे ते तिला नीट सांगता आलं नसतं.

आबांनी खिडकीतून हात घालून चावी काढली, बंडीच्या खिशात टाकली आणि ओट्यावर जाऊन बसले. गाडी माझी आहे, आज ती कुठंही जाणार नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. ओंकार जाऊन हळू आवाजात काहीबाही बोलला. आई पदर तोंडाला लावून उभी राहिली. रतन म्हणाला, आबा, जाऊ द्या, लेकरू आहे. त्याच्याकडे आबांनी पाहिलंही नाही. सात चाळीस झाले होते.

गाडीचं मागचं दार उघडलं. बयाबाई उतरली. तिने पिशवी सीटवर ठेवली, एक हात गाडीच्या पत्र्यावर ठेवून ती बॉनेटपर्यंत आली आणि तिथून पुढे हाताला काहीच नव्हतं म्हणून क्षणभर थांबली. सारिका पुढे झाली, तिला बयाबाईने कोपराने बाजूला केलं. मग आबांच्या विडीचा वास आणि त्यांच्या खोकल्याचा आवाज धरून ती ओट्याकडे चालत गेली आणि नवऱ्यापुढे तळहात धरला. तळहात जरा डावीकडे गेला होता.

"चावी," ती म्हणाली.

आबांनी खिशावर हात ठेवला.

"उजवा डोळा गेला तवा भात कापायचा व्हता. तुमी म्हनला, चार दिस थांब. मी थांबले. तवा बी तुमी ह्याच वट्यावर बसला व्हता." तिचा आवाज चढलेला नव्हता. "आता थांबत न्हाई. चावी द्या, न्हाईतर सांगा सगळ्यांम्होरं की हिला आंधळी ठिवायचीय."

आबांनी चावी काढली. तळहात जिथे होता तिथे हात नेऊन त्यांनी ती ठेवली, आणि बयाबाईने मूठ मिटली. ती चावी तिने ओंकारला दिली नाही. सारिके, कुटं हायस, असं विचारून सारिकाच्या हातात दिली.

सारिकाने आधी उघडा राहिलेला खण झाकला. मग ती बसली. गाडीच्या लायसन्सला दोन वर्षं झाली होती, पण ह्या सीटवर ती आज पहिल्यांदा बसत होती. सेल्फ मारला. इंजिनने एक लांब कण्हणं काढलं आणि ते थांबलं. ओंकार म्हणाला, मारत राहा, मारत राहा. ती चावीवरून हात काढून बसली. घड्याळ आईकडे होतं म्हणून तिने तीन मिनिटं मनात मोजली, एकशे ऐंशीपर्यंत, आणि मोजताना तिचे दात एकमेकांवर दाबलेले होते. मग पुन्हा मारला. इंजिन धडधडलं, अडखळलं, आणि लागलं.

उलट्या क्रमाने तिने चिमटे काढले: पट्टीवरचा काळा, ट्रॅक्टरचा काळा, ट्रॅक्टरचा लाल, गाडीचा लाल. चालू इंजिनवर मीटर लावला. १४.१, म्हणजे बॅटरी भरत होती. कॅलेंडरवर लिहायला वेळ नव्हता.

बयाबाई आणि आई मागे बसल्या. टेपला हात लावायचा नाही, पोचेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही, हे सारिकाने सांगितलं, पण त्या दोघींना हे सांगायची गरज नव्हती. सात त्रेपन्नला गाडी शेडबाहेर आली. आरशात तिला ओट्यावर आबा दिसले. ते उठले नव्हते. वळणापर्यंत ती आरशात पाहत राहिली, आणि मग रस्त्याकडे.

खड्ड्यांपाशीही ती रागातच गिअर बदलत होती. सोमाटण्याच्या फाट्यावर ट्रकांची रांग लागली होती, तिथे तिने इंजिन चालूच ठेवलं आणि शेजारच्या ट्रकवाल्याने पाहिलं तेव्हा त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने काच वर घेतली. मागून बयाबाईने एकदाच विचारलं, हळू चालवतीस का? न्हाई, सारिका म्हणाली. बरं, बयाबाई म्हणाली.

नऊला चार मिनिटं कमी असताना त्या दवाखान्याच्या दारात होत्या. बयाबाईला आत घेतल्यावर सारिकाने बॅटरी सोडवली, रिक्षात घातली आणि वराळ्याच्या दुकानात चार्जिंगला ठेवली. दुकानदाराने झाकण उघडून आत पाहिलं आणि कुठलं पाणी घातलंय, असं विचारलं. तिने सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी नर्सने ऑपरेशन झालेल्या डोळ्यावरची पट्टी काढली. बयाबाईला अक्षरं येत नव्हती, म्हणून तीन दातांच्या फणीसारख्या खुणांचा तक्ता लावला. फणी जिकडे तोंड करून असेल तिकडे बोट दाखवायचं. नर्स छडी ठेवत गेली आणि बयाबाई बोट दाखवत गेली: वर, उजवीकडे, खाली, खाली, डावीकडे. सहाव्या ओळीवर बोट हवेतच थांबलं. नर्सने पाचवी ओळ पुन्हा विचारली, उलट्या बाजूने, आणि निरोगी डोळ्याला जे बारा मीटरवरून दिसतं ते हिला सहा मीटरवरून दिसतंय, असा आकडा कागदावर लिहिला.

डावा डोळा, ६/१२.