मागे काय?

"मागे काय?"

"हत्ती!"

"पाय टेक. उतर खाली."

"पण आजोबा, मी मान वळवली होती..."

"इथे आजोबा कोणी नाही. इथे मी स्टॉपकाका. उतर म्हटलं ना?"

नात उतरली, पण तोंड चालूच राहिलं. घरात तिला रेडिओ म्हणत ते उगाच नव्हे. हत्ती आफ्रिकेतला होता की सर्कशीतला, हेही ती सांगायला तयार होती. काकांनी शिट्टी तोंडात धरली आणि पुढच्या मुलाला हात केला.

ते मुलांना सायकलचे नियम शिकवण्याचं मैदान होतं. आत एक खेळण्यातला रस्ता, पांढरे पट्टे, कमरेएवढे सिग्नल आणि मधोमध एक चौक. मोठं माणूस त्यात उभं राहिलं की उगाच राक्षसासारखं दिसे. सुट्टीत इथे पोरं शिकत आणि ज्याच्या हँडलला काका हिरवी फीत बांधत, त्यालाच घरचे खऱ्या रस्त्यावर सोडत.

काकांचा नियम एकच, पण कडक. उजवीकडे वळायचं तर आधी हात दाखवायचा, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत मान वळवायची आणि मागे जे दिसेल ते ओरडून सांगायचं. आता मैदानात मागे दिसणार काय? रिकामा रस्ता. म्हणजे उत्तर "काही नाही." पण पोरंच ती. कोणाच्या मागे विमान, कोणाच्या मागे मुख्याध्यापिका. जो हत्ती ओरडतो तो बघत नाही, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

पालकांना ही म्हातारपणाची लहर वाटे. एक वकीलसाहेब म्हणाले होते, "अहो काका, माझ्या पोराला परदेशी हेल्मेट आणलंय. आता आणखी काय पाहिजे?"

"हेल्मेट छान आहे, साहेब. पण त्याला मान वळवता येत नाही. ती पोरालाच वळवावी लागते."

वकीलसाहेब त्यानंतर गाडीतूनच मुलाला सोडू लागले.

काका आधी बस चालवत. एका सकाळी चौकात त्यांच्या पुढ्यात एक मुलगा सायकलवरून उजवीकडे वळला. हात अगदी पुस्तकातल्या चित्रासारखा सरळ काढला होता. मान मात्र वळवली नव्हती. चौकशीत काका निर्दोष सुटले. साक्षीदार होते, ब्रेकच्या खुणा होत्या; साहेबांनी चहासुद्धा पाजला. पण पुढे सीटवर बसलं की पाय ॲक्सिलरेटरवर जाईना. म्हणून ते या मैदानावर आले.

यंदाच्या सुट्टीत एक भलतंच सुरू झालं.

सुरुवात एका मंद, गुबगुबीत मुलापासून झाली. हा कधी थाप मारणार नाही, कारण थाप सुचायलाच त्याला आठवडा लागला असता. "मागे काय?" विचारल्यावर तो म्हणाला, "एक मुलगा. लाल सायकल."

काकांनी पाहिलं. रस्ता रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी एका नव्या, मुकाट मुलीने तेच सांगितलं. मग आणखी दोघांनी. गंमत अशी की ज्यांची मान अर्धीच वळे, त्यांना हत्ती दिसत आणि विमानं दिसत. लाल सायकल दिसे ती फक्त पुरती मान वळवणाऱ्यांना.

काकांनी त्या मुकाट मुलीला बाजूला घेतलं. "त्याच्या पायात काय आहे गं?"

"एकच चप्पल. दुसरा पाय मोकळा आहे."

"भीती नाही वाटली?"

"नाही. तो हळू चालवतो, काका. आपल्याला पुढे जाऊ देतो."

दुसरी चप्पल त्या अपघाताच्या दिवशी त्यांनीच बसच्या पुढच्या चाकाखालून ओढून काढली होती आणि गुपचूप हवालदाराच्या हाती दिली होती. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं, आणि ती तर सांगण्यापलीकडे कधीच निघून गेली होती.

त्यांनी त्या मुलीच्या हँडलला फीत बांधली. दुसरा कोणी असता तर मैदानाला कुलूप लावून घरी बसला असता. पण माणूस मोठा सोय बघणारा प्राणी. काकांनी त्या लाल सायकलवाल्या मुलालाच परीक्षक नेमून टाकलं. ज्याला तो दिसला तो पास. काकांना स्वतःला मात्र तो एकदाही दिसला नाही.

आणि घरचीच पोर हत्तीवर अडून बसली होती.

"गल्लीतली सगळी पोरं पास आणि आपलीच नापास?" रात्री ताटं वाढताना सून म्हणाली. ती इस्पितळात नर्स होती, काकांचा मुलगा बोटीवर. "लोक काय म्हणतील, बाबा?"

"म्हातारा खाष्ट आहे म्हणतील. आत्ता काय वेगळं म्हणतात?"

"थट्टा नको. व्हॅनवाल्याने शाळेची व्हॅन बंद केली. माझी सकाळची ड्युटी, तुमचे गुडघे हे असे. सोमवारी शाळा उघडते. फीत नसेल तर हिला माझ्या ताईकडे ठेवते, तिच्या तर दारातच शाळा आहे. मला काय हौस आहे का पोर लांब ठेवायची?"

आतल्या खोलीत रेडिओ बाहुलीला हाताचे इशारे शिकवत होता. हा आवाज घरातून गेला तर उरणार होता तो फक्त नळ ठिबकल्याचा.

शनिवारी नातीने वळणावर हात काढला आणि ठणकावून सांगितलं, "एक मुलगा! लाल सायकल!"

काकांचा जीव भांड्यात पडला. हात खिशातल्या फितीकडे गेलासुद्धा. पण सवय वाईट.

"पायात काय त्याच्या?"

"अं... बूट."

"उतर."

या वेळी मात्र ती रडली. "सगळे तेच सांगतात म्हणून मीपण सांगितलं! तुम्हाला तेच ऐकायचं असतं ना?"

हे इतकं खरं होतं की काकांना तोंड वर करता येईना.

रविवारी दुपारी मैदान बंद असे. काकांनी फाटक उघडून तिला एकटीलाच आत घेतलं. ऊन मी म्हणत होतं. झाडाचं पान हलत नव्हतं.

"आज काही सांगू नकोस," ते म्हणाले. "नुसतं बघ."

ती लांबून आली. हात काढला. मान वळवली, पुरती, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत. आणि हात झटकन आत घेतला. ब्रेक दाबला, पाय टेकला आणि कडेला उभी राहिली.

रिकाम्या चौकात ती कशाची तरी वाट बघत होती. एकाएकी तिचा फ्रॉक फडफडला, वेण्या पुढे उडाल्या, तो बुटका सिग्नल कडकडा हलला. गरम डिझेलचा भपकारा काकांच्या नाकात शिरला. झाडाचं पान तसंच स्तब्ध होतं.

"मागे काय?" त्यांनी विचारलं.

"बस."

रेडिओ पहिल्यांदाच बंद होता.

"रिकामी होती. फक्त चालवणारा होता."

"कसा होता?"

"तुम्ही होतात, आजोबा. केस काळे होते. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, पण बस थांबतच नव्हती. म्हणून मी थांबले."

काकांनी फीत काढली. गाठ काही बसेना. नातीने गाठीवर बोट धरलं, तेव्हा कुठे ती बसली.

सोमवारी ते लंगडत खऱ्या चौकात जाऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. रेडिओ आला, नवं दप्तर, हिरवी फीत. हात, मान, मग पाय खाली. मागून दुधाचा टँकर घरघरत निघून गेला. रस्ता मोकळा झाला तरी ती आणखी थोडी थांबली, कोणाला तरी वाट देत असल्यासारखी. मग वळली आणि शाळेच्या दिशेने दिसेनाशी झाली. आजोबांकडे तिने पाहिलंही नाही. तिचं लक्ष रस्त्यावर होतं.

काका परत फिरणार, तोच त्यांच्या पाठीमागे साखळीची किरकिर ऐकू आली. पेडलवर चप्पल वाजत होती. एकदा फट्. मग काहीच नाही. पुन्हा फट्. मग काहीच नाही. किरकिर सावकाश जवळ येत होती.

इतकी वर्षं पोरांना ते विचारत आले होते. स्वतः कधी मागे पाहिलं नव्हतं.

स्टॉपकाकांनी मान वळवली, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत. जे दिसलं ते ओरडून सांगितलं नाही. दुखऱ्या गुडघ्याने एक पाऊल बाजूला सरकले आणि हाताने खूण केली, आधी तू जा.