शुक्रवारची खुर्ची

"तीन बदाम," तहसीलदारसाहेब म्हणाले आणि त्यांनी विडा तोंडात घातला.

साहेबांच्या बंगल्यातल्या शुक्रवारच्या ब्रिजच्या टेबलाभोवती कोणी हललं नाही. त्यांच्या आधी आप्पाराव वकिलांनी तीन इस्पिक म्हटलं होतं, आणि ब्रिजच्या बोलीत बदाम इस्पिकाच्या एक पायरी खाली असतं. म्हणजे साहेबांची बोली कमी पडली होती. केज तालुक्यात साहेबांचं काही कमी पडण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे ते कसं सांगतात हे कोणालाच माहीत नव्हतं.

"साहेब, कमी पडली," शेवटी वकील म्हणाले. वकिलांचे सगळे खटले बीडला चालत, म्हणून त्यांना धीर होता.

"मग बदलतो. त्यात काय?"

"असं कसं बदलता? त्याला कायदा आहे."

हैदराबादहून मागवलेलं नियमांचं पुस्तक काढलं. कमी बोलीचं पान सापडलं. वरचा अर्धा भाग शाबूत होता, खालचा वाळवीनं खाल्ला होता. वरच्या अर्ध्यात गुन्हा होता, खालच्या अर्ध्यात शिक्षा.

"राधाकिशनला विचारा," साहेबांचे भिडू डॉक्टर म्हणाले. "बोलीतलं त्याला कळतं." डॉक्टर घाईत होते. हातात जी काही पानं आली होती, त्यांनी त्यांचे कान लाल झाले होते.

राधाकिशनला बोलवावं लागलं नाही. तो दुपारपासून व्हरांड्यातच उभा होता, काखेत फाईल धरून. तहसिलीत तो हर्रासाचा कारकून. चिंचेची झाडं, गवताची कुरणं, कोंडवाड्यातली बेवारस जनावरं, जे काही लिलावात निघेल त्याची बोली तो पुकारायचा. बावीस वर्षं, उभ्यानं. तीन वर्षांपूर्वी त्याचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्यानं एका खुर्चीसाठी अर्ज केला. अर्जावर शेरे पडत गेले. पहिला: हर्रास उभ्याने होतो. दुसरा: कितपत उभ्याने, खुलासा व्हावा. तिसरा: गुडघ्यांचा दाखला जोडावा. डॉक्टरांनी दाखला दिला होता, 'दोन्ही गुडघे तपासले, दोन्ही आहेत.' आता फक्त साहेबांची सही राहिली होती आणि डाव संपला की करतो, असं साहेब सकाळीच म्हणाले होते.

"राधाकिशन," साहेब म्हणाले, "तुझी फाईल कुठाय?"

"ही काय सरकार, काखंत."

"बरं. आता नीट विचार करून सांग."

वकिलांनी सगळा प्रकार सांगितला. राधाकिशनला पत्ते खेळता येत नव्हते. त्यानं खाली पाहिलं, एक गुडघा मोकळा केला, मग दुसरा.

"सरकार, चिंचेच्या हर्रासात बिभीषण अन् त्याचा भाऊ मिळून बोलत व्हते, तवा बिभीषणानं असंच केलतं. समोरच्याच्या खाली बोली बोल्ला."

"मग?"

"पह्यलं, त्याच्या पुढं ज्याची पाळी हाय त्याला इचारायचं, बाबा, तुला चालती का? चालली तर तिथून पुढं."

पुढची पाळी अमीनसाहेबांची, वकिलांच्या भिडूची. अमीनसाहेब पोलिसात होते. "चालत नाही," ते म्हणाले. "डोळ्यांदेखत गुन्हा झालाय."

"न्हाई चालली, तर मंग दोन वाटा. बिभीषण त्याच झाडावर लागंल तेवढंच वर चढला, तर काई दंड न्हाई. त्याच्या भावानंबी पुढं बोलावं. पर झाड बदललं, तर भावानं हर्रास संपस्तोर तोंड उघडायचं न्हाई."

"कायकू रे?" साहेबांचं हैदराबादी वळणाचं मराठी सुटलं. "भावानं काय केलं?"

"भावानं न्हाई केलं सरकार. पर खालची बोली म्हंजी भावाला केलेला इशारा. कोन्तं झाड मनात हाय ते त्याला फुकटात कळलं की."

वकिलांनी टेबलावर थाप मारली. "म्हणजे साहेब, चार बदाम म्हणा, डॉक्टर बोलायला मोकळे. दुसरं काही म्हटलंत, तर डॉक्टर गप्प."

डॉक्टरांनी साहेबांकडे असं पाहिलं, जसं रोगी त्यांच्याकडे पाहतात.

"मी तीन म्हटलं होतं," साहेब सावकाश म्हणाले. "तहसीलदारानं तीन म्हटलं की तीनच राहतं. तीन बिनहुकमी." कोणताच रंग हुकूम नसलेली ही बोली इस्पिकाच्याही वर असते.

"साहेब..." डॉक्टर म्हणाले.

"तोंड न्हाई उघडायचं, डाक्टरसाहेब," राधाकिशन हळूच म्हणाला.

बाकीचे पास झाले. अमीनसाहेबांनी वकिलांच्या रंगाचं पान टाकलं आणि भिडूच्या रिवाजाप्रमाणे डॉक्टरांनी आपली पानं टेबलावर उघडी मांडली. बदामाची सात पानं होती, एक्क्यापासून. वकिलांनी इस्पिकाचे सहा हात ओळीनं उचलले. तीनच्या बोलीसाठी साहेबांना तेरापैकी नऊ हवे होते, उरले सात. साहेब उठून आत गेले आणि फाईल काखेतच राहिली.

"झाली का सही?" घरी तुळजाबाईनं विचारलं.

"न्हाई."

"आवं, एकडाव त्येंच्या बाजूनं बोल्ला असता तर?"

"मंग बिभीषणाला काय सांगू?"

तुळजाबाईला बिभीषण माहीत नव्हता. ती तेल गरम करायला उठली.

आठ दिवसांनी पुस्तकाची नवी प्रत आली. डॉक्टरांनी ते पान मोठ्यानं वाचलं. चिंचेचं झाड सोडून सगळं तसंच होतं. साहेबांनी पुस्तक मिटलं आणि फाईल मागवली. त्यांनी बराच वेळ लिहिलं.

'अर्जदारास एक खुर्ची मंजूर. मात्र बसण्याची मुभा फक्त शुक्रवारी, ब्रिजचे निवाडे देतेवेळी. इतर दिवशी खुर्ची अर्जदाराच्या ताब्यात राहील.'

शुक्रवारी राधाकिशन खुर्चीवर बसू लागला. निवाडा विचारला की मात्र उभा राहायचा, कारण बसून बोलीचं बोलायला त्याची जीभ वळत नव्हती.

"मग बसता कवा?" तुळजाबाईनं विचारलं.

"दोन भांडनांच्या मधी. लई भांडत्यात, पर मधी बसतो."

माघात चिंचेचा हर्रास निघाला. सोमवार होता. राधाकिशननं खुर्ची डोक्यावर घेऊन झाडांपर्यंत नेली, रुमालानं पुसली आणि आपल्या शेजारी ठेवली. बसला नाही. एक हात तिच्या पाठीवर टेकवला आणि पहिल्या झाडाची बोली पुकारली. हात टेकवण्याबद्दल हुकमात काही लिहिलेलं नव्हतं.