अर्थिंगची जाडजूड वायर

नव्या मीटरच्या अर्थिंगसाठी वायरमनने तांब्याची जाड वायर आणली, तेव्हा काकांचं डोकंच फिरलं. त्यांनी स्वतः पसंत केलेली बारीक हिरवी वायर भिंतीच्या कोपऱ्यात कशी छान वळत होती!

"अरे, हिच्यातून एरवी करंट जातच नाही," ते वायरमनवर उखडले. "नुसती पडून राहणार. मग एवढी जाडजूड कशाला?"

"नुसतं पडून राहणारं जाडजूड घरात एक आहेच की," काकू आतून म्हणाल्या.

वायरमनने हसू दाबलं. "काकू, कुठे बिघाड झाला की सगळा करंट हिलाच अंगावर घ्यावा लागतो. बारीक असली तर जळून जाईल."

"ऐकलंस?" काकांनी पोट सावरत ऐटीत विचारलं.

"ऐकलं. पण ती कुरकुर न करता घेते."