रोहितनं घेऊन दिलेला फोन

उज्वलाचा जुना फोन माहेरून आणलेला होता. त्याची काच फुटून मधोमध चरा गेला होता. त्यात ज्या कंपनीचं सिम होतं, तिची रेंज ओझरच्या त्यांच्या घरात कुठेच येत नसे. थोरली बहीण पल्लवी निफाडला राहायची. तिच्याशी बोलायचं म्हटलं की उज्वलाला गच्ची गाठावी लागे. वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडोशाला उभी राहून ती मनातलं सगळं ओतून मोकळी व्हायची. शेवटी खालून सासूबाईंची, कुसाबाईंची हाक यायची, "उजू, दूध उतू चाललंय गं!"

त्यामुळे एका रविवारी रोहित आपणहून म्हणाला, "चल नाशिकला, तुला चांगला फोन घेऊ," तेव्हा तिला खरंच वाटेना. रोहित ओझरला विमानाच्या कारखान्यात होता. त्याच्या आधी त्याचे वडील, पुंजातात्या, तिथेच होते. तात्यांना जाऊन आता दोन वर्षं होत आली होती, तरी रोहित गेटमधून आत शिरला की जुनी माणसं म्हणत, "बघा, पुंजाच चाललाय." हे ऐकलं की त्या दिवशी रोहित घरी जरा बऱ्या तोंडानं यायचा. एरवी तो कमी बोलायचा, आणि जे बोलायचा ते टोचणारं असायचं.

एम. जी. रोडवरच्या दुकानात उज्वलाला एक निळा फोन आवडला. हातात हलका होता आणि फोटो छान येत होते. रोहितनं तो बाजूला सारला.

"कॅमेरा घेऊन काय करायचंय तुला?" तो म्हणाला आणि काउंटरवरच्या माणसाकडे वळला. "कॉल रेकॉर्ड होतो ना ह्याच्यात? आणि रेकॉर्डिंग सुरू झालं की ती बाई बोलते, ते नको. बाई न बोलणारा दाखवा."

त्या माणसानं दुसरा फोन काढला. "ह्याच्यात बाई नाही, साहेब. समोरच्याला काही कळत नाही."

उज्वला शेजारीच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. कारखान्याच्या कामाचं काहीतरी असेल, असं तिला वाटलं. काळ्या रंगाचा, जरा जड असा तो फोन तिनं हातात घेतला आणि ती हसली.

सिमचंही रोहितनंच ठरवलं. त्याच्या सिमच्या कंपनीचा फॅमिली प्लॅन होता. त्यात त्याचा नंबर होता आणि कुसाबाईंचाही होता. कुसाबाईंचा नंबर मुळात तात्यांचा. तात्या गेल्यावर म्हातारीनं त्यांचा छोटा बटणांचा फोन तसाच ठेवला होता आणि नातेवाईक अजून त्याच नंबरवर फोन करत.

"माझा जुनाच नंबर ह्या कंपनीत घेता येईल ना?" उज्वलानं विचारलं. "मैत्रिणींकडे तोच आहे."

"मैत्रिणी कुठल्या आता?" रोहित म्हणाला. "नवीन नंबर घे. ताईला कळव, तुझ्या आईला कळव, झालं."

तो नंबर रोहितच्या नावावर झाला. घरी आल्यावर त्यानंच फोन सुरू करून, त्यात काय काय घालून तिच्या हातात दिला. रेंज तर स्वयंपाकघरात ओट्यापाशीही भरून होती. गच्चीवर जायची गरजच उरली नाही. पोळ्या लाटता लाटता फोन कानाला लावून ती ताईशी बोलू लागली. दिवस फार सुखाचे गेले तिचे.

मग काही गोष्टी घडू लागल्या. ओझरमध्येच एका बालवाडीत बाई हव्या होत्या. उज्वलानं कुणाला न सांगता अर्ज केला आणि त्यांनी तिला गुरुवारी भेटायला बोलावलं. हे फक्त पल्लवीताईला माहीत होतं. बुधवारी रात्री जेवताना रोहित म्हणाला, "उद्या खंडेरावमामा येतायत, सहकुटुंब. पुरणाचं कर." खंडेरावमामा म्हणजे कुसाबाईंचे भाऊ. ते वर्षातून एकदा यायचे. गुरुवारी दिवसभर उज्वला पुरण वाटत राहिली. संध्याकाळी रोहित तिला म्हणाला, "दमलीस? कुठं जायचं होतं का तुला आज?" तिनं नाही म्हणून मान हलवली. तो हसत होता.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. उज्वलाचे पाळीचे दिवस वर गेले होते. लग्नाला पाच वर्षं झालेली. ती हरखून गेली होती, पण डॉक्टरांकडे जाऊन यायच्या आधी घरात बोलायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. ताईला मात्र तिनं सांगितलं. त्याच संध्याकाळी रोहित पेढे घेऊन आला आणि त्यानं पुडा आईसमोर उघडला. "कशाचे?" कुसाबाईंनी विचारलं. "ते हिला विचार," तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी कळलं की तसं काही नव्हतंच. रोहितनं उरलेले पेढे तिच्या ताटात वाढले. "खा," तो म्हणाला. "तुझेच आहेत."

कुसाबाईंनी ताटातून पेढे उचलून घेतले. "काय माणूस हायस का कोण?" त्या पोरावर ओरडल्या. मग त्या उज्वलाच्या डोक्यावरून हात फिरवत बसल्या.

ताईच सांगत असेल का, असं एकदा उज्वलाच्या मनात आलं आणि आठवडाभर ती ताईशी बोललीच नाही. मग एका दुपारी फोनवर मेसेज आला, फोनमधली जागा भरत आलीय, फायली काढून टाका. कुठल्या फायली ते बघायला तिनं बोट लावलं, तर भलीमोठी यादी उघडली. प्रत्येक ओळीपुढे ताईचं नाव होतं, नाहीतर आईचं. तिनं एक ओळ दाबली. तिचाच आवाज आला. ती रडत होती, "ताई, मला इथं कुणी विचारत नाही गं." फोनमध्ये खातंही तिचं नव्हतं. रोहितचं होतं. तिचा फोन ठेवून होतो न होतो तोच तिचं बोलणं त्याच्या फोनवर जाऊन पडत होतं.

दुकानातली ती बाई म्हणजे काय, ते तिला आत्ता उमगलं. मग तिनं हळूच यादी बंद केली. रेकॉर्डिंग बंद करायचं बटण तिला दिसलं होतं. तिनं त्याला हात लावला नाही.

काय बोलायचं, याचा तिनं पुष्कळ विचार केला. रोहितला कशानं लागेल, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? रोहितच्या जन्माच्या आधी तात्यांना कारखान्यानं ट्रेनिंगसाठी वर्षभर दूर कानपूरला पाठवलं होतं आणि मधे एकदाच ते सुट्टीवर आले होते, ही गोष्ट घरात सगळे कौतुकानं सांगत. तिनं तेवढीच गोष्ट घेतली.

कुसाबाई, म्हणजे तिच्या आत्याबाई, देवळात गेल्या होत्या. उज्वलानं फोन लावला.

"ताई, कुणाला सांगू नकोस हं. आत्याबाई आज माझ्याजवळ रडल्या. म्हणाल्या, उजू, मनात ठेवून मरवत नाही. तात्या कानपूरला होते ना, तेव्हाचं काहीतरी... हे तात्यांचे नाहीत गं, ताई."

"अगं काय बोलतेस तू!" पल्लवीचा आवाज एकदम खाली आला. "रोहितरावांना ठाऊक आहे?"

"नाही. त्यांना कधीच कळू द्यायचं नाही, असं म्हणाल्या. मला शपथ घातलीय."

फोन ठेवून ती पुन्हा पोळ्या लाटू लागली. आत कुठेतरी तिला गार वाटलं.

रोहितनं त्या संध्याकाळी काही विचारलं नाही. विचारणार कसा? विचारलं असतं तर कुठून ऐकलं ते सांगावं लागलं असतं. तो जेवायला बसला आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिला. "काय रे, मीठ कमी हाय का?" कुसाबाई म्हणाल्या. तो ताट सोडून उठला. नंतर उज्वलानं पाहिलं, तो तात्यांच्या फोटोसमोर उभा होता आणि फोटोच्या काचेत स्वतःचा चेहरा बघत होता. ते पाहून तिला बरं वाटलं. पेढ्यांची आठवण आली आणि आणखी बरं वाटलं.

पुढचे काही दिवस तिनं त्याला झुरताना मजेत पाहिलं. दाढी वाढली. कारखान्यात कुणीतरी "पुंजाच चाललाय" म्हणालं, तर हा त्या म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर धावून गेला, असं कानावर आलं. पण तो नुसता झुरण्यावर थांबला नाही. त्यानं आईला आई म्हणणं सोडलं. तिनं केलेल्या चहाला तो हात लावीना. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला म्हातारी पहाटेच उठून तेल-उटणं घेऊन बसली होती, दरवर्षी बसायची तशी. रोहित आला, पाटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "हात लावू नको मला."

वाटीतलं तेल गार होईपर्यंत कुसाबाई तिथेच बसून राहिल्या.

नंतर एक दिवस त्यांचा फोन लागेनासा झाला. हिरवं बटण दाबलं की नुसती शांतता. त्यांना वाटलं बॅटरी गेली. शेजारच्या भागुबाईंकडे जाऊन त्यांनी दाखवला, तर भागुबाईंच्या सुनेनं सांगितलं, नंबरच बंद आहे. कुसाबाई घरी येऊन रोहितला म्हणाल्या, "अरे, कंपनीला फोन कर. तात्यांचा नंबर हाय तो."

"मीच बंद केलाय," रोहित म्हणाला.

"का?"

"तात्यांचं नाव तू नको घेऊ."

म्हातारी खाली बसली. त्या नंबरवर तिचा सगळा गोतावळा होता. रोहित बाहेर गेल्यावर तिनं उज्वलाचा हात धरला. "उजू, तू विचार गं त्याला. माझं काय चुकलं? मी लय विचार केला, मला नाय सापडत."

उज्वलाला तिच्याकडे बघवेना. हे तिला नको होतं. तिला त्याला फोडायचं होतं, आणि फुटत होती ती ही बाई, जिनं तिच्या ताटातले पेढे उचलले होते.

दुसऱ्याच दिवशी ओट्याशी उभं राहून तिनं ताईला फोन केला आणि मोठ्यानं बोलली, "ताई, मी तुला आत्याबाईंचं जे सांगितलं ना, ते सगळं खोटं होतं. त्या असं काहीच बोलल्या नव्हत्या. मी रागात बोलले." पल्लवी भडकली. असलं कुणी बोलतं का, म्हणाली आणि तिनं फोन आपटला. उज्वलाला त्याचं काही वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत ती रोहितची वाट बघत राहिली. मार बसेल तर बसो, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

रोहित आला, जेवला, आईकडे पाठ करून टीव्ही बघत बसला. काहीच बदललं नाही. उज्वलानं फोन घेऊन यादी उघडली. आजचं बोलणं त्यात नव्हतं. कालचंही नव्हतं. शेवटची ओळ त्या दिवशीची होती, तिच्या खोट्याची. ते ऐकल्यावर रोहितनं पुन्हा काही ऐकायची हिंमतच केली नव्हती. त्यानं रेकॉर्डिंग बंद करून टाकलं होतं.

आता तोंडावर सांगण्यावाचून उपाय नव्हता. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत तिनं दिवस घालवले. एका सकाळी ती उठून पाहते तर कुसाबाईंची पिशवी दारात. रोहितनं त्यांना मोटारसायकलवर बसवलं आणि खंडेरावमामांकडे निफाडजवळच्या गावी सोडून आला. त्या वयात म्हातारी माहेरी गेली, भावजयीच्या हाताखाली.

तो परत आल्यावर मात्र उज्वलानं धीर केला. तो बूट काढत होता.

"अहो, मला सगळं माहीत आहे. तुम्ही माझे फोन ऐकत होता. म्हणून मी मुद्दाम बोलले तसं. आत्याबाईंनी मला काही सांगितलं नव्हतं. मी बनवून सांगितलं. तुम्ही तात्यांचेच आहात."

रोहितच्या हातात एक बूट होता. ती डोळे मिटून उभी होती. तो हात उगारेल, म्हणून.

"तिनं सांगितलं ना तुला असं बोलायला?" तो म्हणाला. "जाताना सांगून गेली."

"नाही हो. देवाशपथ, मी खोटं बोलले होते."

"एवढं सुचण्यातली नाहीस तू." त्यानं बूट खाली ठेवला. त्याचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला होता. "तिच्यासाठी स्वतःवर घेतेयस. मी तुला लय त्रास दिला, उज्वला. तू चांगली आहेस."

ती परोपरीनं सांगत राहिली. जितकं सांगावं तितका तो मान हलवत राहिला. त्या दिवसापासून तो तिच्याशी बरा वागू लागला. बालवाडीत पुन्हा विचारून बघ, असंही म्हणाला.

थंडी पडल्यावर ती एकटीच मामांच्या गावी गेली. कुसाबाई द्राक्षाच्या बागेत डहाळ्या गोळा करत होत्या. वाळून गेल्या होत्या. उज्वलाला पाहून त्या धावत आल्या. तिला चुलीपुढे बसवून बाजरीची भाकरी केली, तिच्या ताटात तूप वाढलं आणि भावजयीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बघ, माझी सून आली. पोरानं टाकलं, पण सुनंनं नाय टाकलं."

मग भाकरी थापता थापता त्यांनी हळूच विचारलं, "त्याला काय झालंय गं? तुला ठाऊक आसंल तर सांग. मी नाय रागवायची."

उज्वलानं घास गिळला.

"मला काही ठाऊक नाही, आत्याबाई," ती म्हणाली, आणि ताट पुढे करून तिनं आणखी अर्धी भाकरी घेतली.