गोलूची शिटी

डॉ. रितिकाने गिनी पिगला उताणा धरला, बोटाने ओठ दाबून दात पाहिले आणि त्याला परत टोपलीत सोडले.

"ताई, याले काहीच झालं नाही."

"मग रोज अकरा वाजता एवढा काहून ओरडते?"

वंदनाने मोबाइल पुढे केला. शेजारच्या कौसल्याबाईंनी भिंतीला फोन लावून आवाज टिपला होता, आणि खाली लिहिले होते, 'उंदीर पाळला का कुकर?' एक लांब, चढत जाणारी शिटी. थांबली, पुन्हा सुरू झाली. मागे टीव्हीसारखी पुसट घरघर. गोलू मिनलचा होता. त्याला काही झाले तर लेकीला काय सांगायचे, या काळजीने वंदनाने अर्धी सुट्टी टाकली होती.

डॉक्टरांनी ते दोनदा ऐकले.

"दुखत असलं तर दात वाजवते, कोपरा धरून बसते. हे बोलावणं आहे. खायला देणाऱ्याचा आवाज ओळखला, की असा शिट्या मारते. सकाळी याच्याशी कोण बोलते?"

"कोणीच नाही. मिनल शाळेत, आम्ही दोघं ड्युटीवर. घरी सासरे राहतात, पण ते बोलत नाहीत."

सासऱ्यांनी, धोंडबांनी, तीस वर्षे कळमन्याच्या बाजारात संत्र्याचे लिलाव पुकारले होते. उन्हाळ्यात त्यांच्या घशातली गाठ काढली. साधी निघाली. महिन्याने डॉक्टर म्हणाले, आता बोला. धोंडबांनी एकदाच तोंड उघडले, स्वतःचा फाटका आवाज ऐकला आणि मिटले ते मिटलेच. त्याला चार महिने झाले होते. घरात ते पाटीवर लिहीत. फोनवर नखाने टकटक करीत, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. वंदना रोज दुपारी 'जेवले का?' विचारायची, एक टक ऐकायची आणि थोडा वेळ फोन कानालाच ठेवायची.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा उशिरा, अकराच्या बेताला निघाली, गेटपासून परत फिरली आणि चपला हातात घेऊन जिना चढली. दाराला कान लावावा लागला नाही.

"बोला, बोला! हिरवागार सांभार! एक वार..."

आवाज घोगरा होता, मध्येच तुटत होता. त्यावर गोलूची शिटी.

"दोन वार! गोलूशेठ, असं पडेल भावात नाही जमत गा! चढवा!"

शिटी चढली.

"तीन वार! सुटला माल!"

मग कोथिंबिरीच्या काड्या कुरतडल्याचा बारीक आवाज तेवढा राहिला.

वंदनाचा हात कडीवर गेला होता. तिने तो काढून घेतला. खाली येऊन गेटजवळ चपला घातल्या, पदराने तोंड पुसले आणि घरचा नंबर लावला.

"बाबा, येताना सांभाराच्या किती जुड्या आणू?"

नखाची टकटक आली नाही. मागे गोलू नव्याने शिट्या मारू लागला. मग कोणीतरी घसा खाकरला.

"दोन आणजो वं," धोंडबा म्हणाले. "याले एकीत होत नाही."